डोळा लाल नाही, मग या गोळ्या कशासाठी?

या सदरासाठी या वेळी आलेल्या पत्रांत चार पत्रे एकाच विषयाची निघाली. डोळ्याच्या मधल्या थराला वारंवार येणारी सूज, म्हणजे युव्हिआयटिस, आणि तिच्यासाठी वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ घ्याव्या लागणाऱ्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांबद्दल ही पत्रे आहेत. चारही ठाणे आणि नवी मुंबई परिसरातली असल्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीची आहेत; कोणाला कोणते औषध आणि किती मात्रेत द्यायचे, हे डोळा प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझे वय ४१ असून ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्यात मी पाळीची नोकरी करतो. दोन्ही डोळ्यांच्या मागच्या भागात सूज येते. आतापर्यंत हा त्रास तीन वेळा झाला आणि प्रत्येक वेळी स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बरे वाटले, पण गोळ्या कमी केल्या की काही महिन्यांत पुन्हा धूसर दिसू लागते. वजन वाढले, रक्तातील साखर वाढली, झोप उडाली. आता डॉक्टर आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्या म्हणतात. औषधाच्या कागदावर ते कर्करोगासाठी वापरतात असे वाचले आणि घरात सगळेच घाबरले. डोळ्याच्या आजाराला हे औषध कशासाठी? त्याने पुढे कर्करोग तर होणार नाही ना? आणि हे किती दिवस चालायचे? माझे मेहुणे म्हणतात की प्रतिकारशक्ती कमी करण्यापेक्षा गुळवेलीचा काढा घेऊन ती वाढवावी.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मेहुण्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. तुमची प्रतिकारशक्ती कमी पडल्यामुळे हा आजार झालेला नाही. जंतूंवर चालून जाणारी ही यंत्रणा तुमच्या बाबतीत स्वतःच्याच डोळ्यातील पेशींवर उलटली आहे. अशा वेळी एका हाताने तिला आवर घालणारी गोळी आणि दुसऱ्या हाताने तिला चेतवण्याचा दावा करणारा काढा घेणे हे परस्परविरोधी तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे पाहिले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर हरकत घेतली होती, हेही नमूद करायला हवे. तरीही मेथोट्रेक्सेटचा भार मुळातच यकृतावर पडतो, म्हणून तुमच्यापुरते उत्तर स्पष्ट आहे : काढा नको, आणि मद्यही नको.

आता स्टेरॉइडविषयी. सूज झपाट्याने उतरवण्यात त्याला तोड नाही. १९४८ मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांना कॉर्टिझोन हे स्टेरॉइड प्रथम देण्यात आले आणि त्या शोधासाठी १९५० चे नोबेल पारितोषिकही मिळाले. मात्र शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची नेहमीची गोळी) ही सुरुवातीची मात्रा काही आठवड्यांपुरतीच ठीक असते. तीच पुन्हा पुन्हा द्यावी लागली, तर साखर, रक्तदाब, हाडांची झीज आणि खुद्द डोळ्यात मोतीबिंदू व काचबिंदू अशी दुसरीच दुखणी उभी राहतात. म्हणून तीन महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन रोज ७.५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणता आले नाही, किंवा आणताच सूज उलटली, तर दुसरे औषध जोडावे, असा आता सर्वसाधारण संकेत आहे. तुमचा त्रास तीनदा उलटला आहे. माझ्या मते हा निर्णय घाईचा तर नाहीच, थोडा आधी झाला असता तरी चालले असते, कारण मागच्या भागातील सूज प्रत्येक वेळी दृष्टिपटलावर काही ना काही व्रण ठेवून जाते आणि ते व्रण कोणत्याही गोळीने भरून येत नाहीत.

कर्करोगाचे औषध ही ओळख खरी आहे, पण ती मात्रेवर अवलंबून आहे. काही कर्करोगांत हेच औषध शिरेतून एकेका वेळी ग्रॅमच्या हिशेबात देतात. डोळ्यासाठी ते आठवड्याला १० ते २५ मिलिग्रॅम दिले जाते. एवढ्या अल्प मात्रेत त्याचे काम पेशी मारण्याचे नसून मुख्यतः सूज आणणारे रासायनिक संदेश थोपवण्याचे असते. संधिवातासाठी ते कित्येक वर्षे याच मात्रेत वापरले जाते आणि डोळ्यांच्या सुजेवरील त्याच्या वापराच्या नोंदी १९६५ पासून आहेत.

पुढे कर्करोग होईल का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत डोळ्यांच्या सुजेच्या सुमारे आठ हजार रुग्णांच्या पाहणीतून मिळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाने किंवा एकूणच मृत्यू येण्याचे प्रमाण ही औषधे न घेणाऱ्या रुग्णांपेक्षा वाढलेले आढळले नाही. सायक्लोफॉस्फमाइड या त्याच गटातल्या, पण अधिक कडक औषधाची गोष्ट वेगळी आहे. ते आज डोळ्यासाठी क्वचितच आणि गंभीर प्रसंगीच वापरतात.

मेथोट्रेक्सेटच की दुसरे काही, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पुढे येईल. मेथोट्रेक्सेट आणि त्याहून महाग असलेले मायकोफेनोलेट यांची थेट तुलना करणारी २१६ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात भारतातील रुग्णांचा मोठा सहभाग होता. सहा महिन्यांनंतर महागडे औषध सरस ठरले नाही. त्यामुळे डॉक्टरांनी स्वस्त गोळी दिली म्हणजे दुय्यम उपचार केला, असे समजू नका.

ज्या एका गोष्टीत चूक जिवावर बेतू शकते, ती म्हणजे हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज एक गोळी या सवयीने ते आठवडाभर रोज घेतले गेले, तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी धडाधड घटतात आणि रुग्ण दगावूही शकतो. यात आणखी एक मेख आहे. ही गोळी २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या ताकदीत मिळते, गोळ्या आकाराने लहान आणि दिसायला बऱ्याचदा सारख्याच असतात, आणि दुकानात २.५ ची नाही म्हणून १० ची पट्टी हातात पडली तर ‘सहा गोळ्या’ या पाठ केलेल्या हिशेबाने १५ ऐवजी ६० मिलिग्रॅम पोटात जातात. म्हणून चिठ्ठीवर गोळ्यांच्या संख्येबरोबर एकूण मिलिग्रॅम आणि वाराचे नाव लिहून घ्या. दुकानातून निघण्यापूर्वी पट्टीवरचा आकडा स्वतः वाचा. तुम्हाला पाळी बदलून जावे लागते, तेव्हा रात्रपाळीतही न चुकणारा वार निवडा. बहुतेकांना सुट्टीचा वार सोयीचा पडतो. दुसऱ्या दिवशी मळमळ झाली तरी विश्रांती मिळते. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी घ्यायची असते आणि ती ‘नुसते व्हिटॅमिन’ म्हणून टाळायची नसते, कारण मळमळ, तोंड येणे आणि यकृताचा त्रास तिच्यामुळे कमी होतो.

हे औषध लागू पडायला दोन ते तीन महिने लागतात, कधी त्याहून अधिक. तोवर स्टेरॉइड चालूच राहते आणि टप्प्याटप्प्याने उतरवले जाते. पहिल्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून गोळी सोडणारे अनेक जण असतात. त्यांना औषधाचे दुष्परिणाम भोगावे लागतात आणि गुण मात्र मिळत नाही. एकूण मुदतीचे म्हणाल, तर स्टेरॉइडशिवाय डोळा सलग दोनेक वर्षे शांत राहिला की मात्रा हळूहळू कमी करण्याचा विचार होतो. काहींना त्यानंतर औषध लागत नाही, काहींना पुन्हा सुरू करावे लागते.

सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, क्षयरोगासाठी मँटू ही त्वचेवरची चाचणी किंवा त्याऐवजी रक्ताची क्षयरोग-चाचणी, कावीळ ब आणि क, एचआयव्ही, सिफिलिस, तसेच रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे विचारून घ्या. आपल्याकडे क्षयरोग स्वतःच डोळ्यात हुबेहूब अशी सूज आणू शकतो. तो शोधण्याआधी प्रतिकारशक्ती दाबली, तर डोळा आणि फुप्फुसे दोन्ही धोक्यात येतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२ आहे. तिला मधुमेह असून दीड वर्षापासून मायकोफेनोलेट आणि आता रोज ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन चालू आहे. डोळा लाल नाही, दुखत नाही, ती पेपर वाचते, मालिका पाहते. दरवेळी रक्ताचे रिपोर्ट चांगलेच येतात. कळव्याहून लोकलच्या गर्दीत तिला परळपर्यंत नेणे जिवावर येते. तपासण्या आता सहा महिन्यांनी केल्या तर चालतील का? आणि डोळा बरा असताना गोळ्या बंद का करत नाहीत? पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी भरते, त्याचीही भीती वाटते.
— एक वाचिका, कळवा

उत्तर : तुमच्या आई पेपर वाचू शकतात ही समाधानाची बाब आहे, परंतु वाचता येणे आणि सूज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीच्या वेळी खोलीत अंधार करून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाचा एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद असा बारीक झोत डोळ्याच्या पुढच्या पोकळीत तिरका सोडला जातो. निरोगी डोळ्यातले पाणी त्या झोतात काळेशार दिसते. सूज असेल तर उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगावी तशा पांढऱ्या पेशी त्यात तरंगताना दिसतात आणि डॉक्टर त्या अक्षरशः मोजतात : ६ ते १५ दिसल्या तर एक अधिक, १६ ते २५ दिसल्या तर दोन अधिक, अशी श्रेणी कागदावर लिहिली जाते. एवढ्या पेशी असताना रुग्णाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, असे कितीतरी वेळा घडते. मागच्या भागातील सूज तर बऱ्याचदा ओसीटी या डोळ्याच्या स्कॅनवर दृष्टिपटलाची जाडी मोजल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे आईंच्या तक्रारीची वाट पाहून तपासणी ठरवणे योग्य नाही.

रक्ताच्या तपासणीबाबत मात्र तुमची गैरसोय टाळता येण्यासारखी आहे. रक्त परळलाच द्यायला हवे असे नाही. घराजवळच्या विश्वासू प्रयोगशाळेत, शक्यतो दरवेळी एकाच ठिकाणी, सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तपासण्या करून अहवाल डॉक्टरांना पाठवता येतो. मायकोफेनोलेट सुरू केल्यावर पहिले काही महिने या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात आणि मात्रा स्थिरावली की दोन-तीन महिन्यांनी चालतात. सहा महिने हे अंतर मी मान्य करणार नाही. पांढऱ्या पेशी घटू लागतात तेव्हा रुग्णाला काहीच जाणवत नाही. जाणवते ते ताप भरल्यावर. रिपोर्ट दरवेळी चांगला येतो म्हणून तो बंद करावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण मात्रा तशीच चालू ठेवण्याचा आधार डॉक्टरांना त्याच रिपोर्टमधून मिळत असतो. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या आणत राहणारे आणि मधे एकही सीबीसी न केलेले रुग्ण पाहिले की मला औषधापेक्षा या सवयीचीच भीती जास्त वाटते.

रोजच्या वापरातली एक बारीकशी गोष्ट सांगतो. आईंना पित्ताचा त्रास असेल आणि त्यावर घरात ठेवलेले पांढरे पातळ औषध त्या घेत असतील, तर ते मायकोफेनोलेटच्या गोळीबरोबर घेऊ देऊ नका. त्यातील मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम ही मात्रा क्षुल्लक वाटली तरी ती मनाने बंद करू नका. बराच काळ बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचे काम मंदावते, आणि गोळी एकाएकी थांबली तर गळून जाणे, उलट्या, रक्तदाब खाली जाणे असे गंभीर प्रकार घडतात. आजारपणात तर शरीराला ते जास्तच लागते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि साखरेची तपासणी यांकडेही लक्ष असू द्या.

पावसाळ्याची तुमची भीती अनाठायी नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि पायाला लहानशी भेग असली तरी त्यांना वाट मिळते. पाणी भरलेल्या दिवशी आईंनी घराबाहेर न पडणे उत्तम. पडावेच लागले तर गमबूट वापरावेत, आणि पाण्यातून चालणे झालेच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. जाता जाता सांगतो, की लेप्टो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी काहींच्या डोळ्यात सूज येते, तीही युव्हिआयटिसच असते. ताप १०० अंशांच्या वर गेला, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिला, किंवा अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे दुखरे पुरळ, म्हणजे नागीण, उठली, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नका. दवाखान्यात गेल्यावर ‘माझी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत’ हे पहिले वाक्य असावे. फ्लूची आणि न्यूमोनियाची इंजेक्शनची लस त्यांना घेता येते. नागिणीवरची निर्जीव लसही २०२३ पासून आपल्याकडे मिळते. सजीव जंतूंच्या लसी मात्र वर्ज्य आहेत.

औषध कधी बंद करायचे, याचे उत्तर ऐरोलीच्या वाचकांना दिले आहे तेच. दीड वर्षात आईंचे स्टेरॉइड पूर्ण सुटलेले नाही, म्हणजे तो दोन वर्षांचा हिशेब अजून सुरूच झालेला नाही.

प्रश्न : मला दोन वर्षांपूर्वी डोकेदुखी, कानात आवाज आणि दोन्ही डोळ्यांनी एकदम अंधुक दिसणे असा त्रास झाला आणि व्हीकेएच, म्हणजे डोळ्यांबरोबर कान व मेंदूच्या आवरणांवरही परिणाम करणारा युव्हिआयटिस, हे निदान झाले. मेथोट्रेक्सेटवर डोळे उत्तम आहेत. माझे वय २८ असून गेल्या वर्षी लग्न झाले. सासूबाई नातवंडाविषयी विचारतात; औषधाचे त्यांना नीटसे सांगितलेले नाही. मी काय करावे?
— एक वाचिका, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : सर्वांत आधी, गर्भधारणा ठरवून व्हायला हवी आणि तोपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधक वापरायला हवे. मेथोट्रेक्सेटमुळे गर्भपात होऊ शकतो आणि बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. मायकोफेनोलेटचेही तसेच आहे. तुम्ही ठरवलेत की डॉक्टर मेथोट्रेक्सेट थांबवून साधारण तीन महिन्यांचा अवधी जाऊ देतात (मायकोफेनोलेटसाठी किमान सहा आठवडे) आणि गरज असल्यास अझाथायोप्रिनवर नेतात, जे गर्भारपणात मर्यादित मात्रेत देता येते. अझाथायोप्रिनपूर्वी एनयूडीटी१५ आणि टीपीएमटी या जनुकीय चाचण्यांबद्दल जरूर विचारा. भारतीयांमध्ये यांपैकी पहिल्या जनुकातला फरक बऱ्याच जणांत सापडतो आणि अशांना नेहमीच्या मात्रेनेही केस झपाट्याने गळणे आणि पांढऱ्या पेशी एकदम घटणे असा त्रास होतो.

बदल केल्यावर डोळा काही महिने स्थिर आहे हे पाहून मगच पुढे जावे. चुकून दिवस राहिलेच, तर मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी घेऊ नका, पण स्टेरॉइड चालू असल्यास ते मनाने सोडू नका, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही कळवा. हा आजार काहींचा गर्भारपणात शांत राहतो आणि प्रसूतीनंतर उसळतो, म्हणून बाळंतपणासाठी माहेरी जाणार असाल तर तिथल्या नेत्रतज्ज्ञांची वेळ आधीच ठरवा. सासूबाईंना सगळा तपशील सांगायलाच हवा असे नाही. पण ‘औषध बदलायला वर्षभर लागेल, डॉक्टरांनी तसे सांगितले आहे’ एवढे यजमानांनी त्यांच्या कानावर घालावे, असे मला वाटते. हे काम तुमच्या एकटीचे नाही.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या गुडघ्याला सूज होती म्हणून बालरोगतज्ज्ञांनी डोळे तपासायला सांगितले, तर दोन्ही डोळ्यांत सूज निघाली. तिची कधीच तक्रार नव्हती. मेथोट्रेक्सेटने पूर्ण आराम नाही म्हणून आता दर पंधरवड्याला ॲडॅलिमुमॅबचे इंजेक्शन सुचवले आहे. एवढ्या लहान मुलीला ते द्यावे का?
— एक पालक, नेरूळ

उत्तर : लहान मुलांच्या संधिवातात येणारी डोळ्याची सूज अशीच गुपचूप असते. डोळा पांढराशुभ्र दिसतो, मूल खेळत असते, आणि आत बुबुळ भिंगाला चिकटत जाते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी गुडघ्यावरून डोळ्याकडे पाठवले, हे फार चांगले केले.

सूज आणणारा एक विशिष्ट रासायनिक संदेश अडवणाऱ्या या इंजेक्शनविषयी पुरावा भक्कम आहे. ब्रिटनमध्ये अशाच ९० मुलांवर, म्हणजे मेथोट्रेक्सेट चालू असूनही सूज न हटलेल्यांवर, चाचणी झाली आणि इंजेक्शन मिळालेल्या मुलांना इतका स्पष्ट फायदा दिसला की ती मुदतीआधीच थांबवण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात या औषधाची देशी आवृत्ती २०१४ च्या अखेरीस आली. ते आजही महाग आहे, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी किमान वर्षभराच्या खर्चाचा हिशेब मांडा; पैशांअभावी मधेच खंड पडला तर सूज उलटते. मेथोट्रेक्सेट बहुधा सोबत चालूच ठेवतात. क्षयरोगाची तपासणी मात्र या इंजेक्शनपूर्वी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये, कारण शरीरात दबून बसलेला क्षयरोग याने जागा होऊ शकतो. तसा संसर्ग आढळला तर आधी प्रतिबंधक उपचार सुरू करावा लागतो, आणि तो राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळू शकतो.

तिच्या लसींचे कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे एकदा जा. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या सजीव लसी आता परस्पर देता येणार नाहीत. घरात धाकटे भावंड असल्यास त्याच्या पोलिओच्या थेंबांविषयीही त्याच वेळी विचारा. वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर लगेच कळवावे, असे शाळेतल्या बाईंना सांगून ठेवा.

इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. दुकानातून आणताना ते बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका, आणि घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या खणात तर मुळीच नको, कारण एकदा गोठलेले इंजेक्शन वितळल्यावरही वापरता येत नाही. टोचण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवले की थंडगार औषधाची आग कमी होते, आणि मुलगी दुसऱ्या वेळी कमी रडते.